दंडावर सेन्सर, पायाखाली दुसरा ब्रेक

आई, आज सकाळी डाव्या दंडावर नवा सेन्सर लावला. दहा रुपयांच्या नाण्याएवढा असतो. मागे केसासारखी बारीक तार असते, ती कातडीखाली जाते आणि मग पंधरा दिवस माझी साखर आपोआप मोबाइलवर दिसत राहते. आकडा दिसतो, शेजारी बाण दिसतो, म्हणजे साखर वर चाललीय की खाली ते कळतं. बोट टोचायचं काम जवळजवळ संपलंच. तू असतीस तर आधी दंडावर हात फिरवून बघितलं असतंस आणि मग विचारलं असतंस, "कितीले पडलं?" पाच हजारांच्या आसपास पडतो, आई. एक. पंधरा दिवसांनी तो काढून टाकायचा आणि दुसरा लावायचा. हे ऐकून तू गप्प झाली असतीस. तुझं ते गप्प होणं मला चांगलं ठाऊक आहे. परवडत नाही असं तू कधी म्हणायची नाहीस. नुसती भिंतीकडे बघत बसायचीस आणि चार दिवसांनी कुठून तरी वाट काढायचीस.

वाकोल्याच्या खोलीतला ओटा आठवतो. मी अकरा वर्षांची आहे, साखरेचा आजार होऊन सहा महिने झालेत. तू नर्सिंग होममध्ये मावशीचं काम करतेस आणि तिथल्या कंपाउंडरने तुला काचेची एक नळी आणि निळ्या औषधाची बाटली दिलीय. रोज सकाळी तू स्टोव्ह पेटवतेस. नळीत ते निळं पाणी, त्यात माझ्या लघवीचे आठ थेंब. नळी चिमट्यात धरून तू उकळतेस. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त. विटकरी झालं की तू डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे सुईत दोन रेषा जास्त औषध भरतेस. आपल्याकडे फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली डबीत घालून तू माठाच्या पाण्यात सोडायचीस, आणि त्या माठातलं पाणी कुणाला पिऊ द्यायची नाहीस. तुला अक्षर वाचता येत नव्हतं. पण त्या रंगांमध्ये तू एकदाही चुकली नाहीस.

त्या वर्षी चौदा एप्रिलला मी विहारासमोर तीन वेळा रांगेत उभी राहून बुंदी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यात लघवीऐवजी नळाचं पाणी आणून दिलं. नळी उकळली तरी निळीशारच राहिली. तू ती उजेडाकडे धरलीस, मग माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता पाठीत बसणार. तू मारलं नाहीस. म्हणालीस, "मले फसवायचं तं फसव. ह्या नळीले फसवशील तं तुझी तूच मरशील." मग पुन्हा मोरीत पाठवलंस. या वेळी नळी विटेसारखी झाली. त्या दिवशी तू कामावर खाडा केलास आणि संध्याकाळपर्यंत मला घोटघोट पाणी पाजत शेजारी बसून राहिलीस.

नंतर रक्त तपासायच्या रंगपट्ट्या आल्या. बोटाचा थेंब पट्टीवर घ्यायचा आणि डबीवरच्या रंगाशी ताडून बघायचं. एक डबी म्हणजे तुझ्या पगाराचा मोठा हिस्सा. दहावीच्या परीक्षेआधी तू ती माझ्या हातात दिलीस, जणू सोन्याची वस्तू देतेयस अशी. मी उघडून बघितली तर आत प्रत्येक पट्टी ब्लेडने उभी चिरलेली. पंचवीसच्या पन्नास केल्या होत्यास. "कंपाउंडर म्हने चालते," एवढंच बोललीस. चालल्या, आई. सगळ्या पन्नास चालल्या.

आता मी काय करते ते सांगते, कारण हे तू बघितलं नाहीस. मी मुलुंडला मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते. सोळा वर्षं झाली. शिकणारा उजवीकडे, मी डावीकडे, आणि माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक. भित्र्या बायका मालक मुद्दाम माझ्याकडे पाठवतात, कारण माझ्या हाताखालची बाई लायसन्स काढल्याशिवाय घरी जात नाही असं तिथे सगळे म्हणतात. मालक कोकणातले. त्यांना आम्ही तात्या म्हणतो.

गेल्या वर्षी एका सकाळी माझ्या शेजारी बावन्न वर्षांच्या काकू होत्या. त्या पोळीभाजीचं दुकान चालवतात आणि डबे पोचवायला स्वतःची गाडी हवी म्हणून शिकत होत्या. साखर उतरली की पूर्वी मला घाम यायचा, हात थरथरायचे, भूक लागायची. इतक्या वर्षांच्या आजारात ती लक्षणं हळूहळू बंद पडत गेली होती आणि माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. त्या सकाळी साखर उतरली तीही मला कळली नाही. काकू नंतर सांगत होत्या, "तुम्ही मला डावीकडे घ्या, डावीकडे घ्या म्हणत होतात आणि डावीकडे शाळेची भिंत होती. मी विचारलं, बाई, कुठे घेऊ? तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. म्हटलं, काहीतरी बिनसलंय." ब्रेक त्यांनी मारला. गाडी बंद करून हँडब्रेक ओढला, माझ्या आजाराचं मी सांगून ठेवलेलं त्यांना आठवलं, समोरच्या टपरीवरून पाण्यात चार चमचे साखर ढवळून आणली आणि माझं तोंड धरून पाजली. भिंत तीन हातांवर होती. काकूंची गाडी शिकायची ती अकरावी सकाळ.

तात्यांना मी स्वतःच जाऊन सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, गाडयेत तुमका कायतरी झाला तर मी लोकांका काय सांगू? उद्यापासून हाफिसात बसा. फोन घेवा, फॉर्म भरा. पगार तोच देतंय." माणूस वाईट नाही, आई. काळजीनेच बोलत होता. पण मी म्हटलं, "तात्या, मला एक महिना द्या. साखर खाली जायला लागली की वाजेल असं यंत्र मिळतं, ते लावते. तोवर ऑफिसात बसते. यंत्र लावून जमलं नाही तर गाडीची चावी मीच तुमच्या टेबलावर ठेवीन."

घाटकोपरच्या माझ्या डॉक्टरबाई कधीपासून सेन्सर लावा म्हणत होत्या. मीच टाळत होते, किमतीमुळे. आता हवा म्हटलं तर मिळेना. भांडुपला आमच्या घराजवळच्या केमिस्टने नावच ऐकलं नव्हतं. दुसरा म्हणाला ऑर्डर द्या, पैसे आधी, माल कधी येईल सांगता येत नाही. मेडिक्लेमवाल्यांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं की हॉस्पिटलात दाखल झालात तर बघू. म्हणजे भिंतीवर आदळले असते तर त्यांनी बघितलं असतं. शेवटी अंधेरीच्या एका डिस्ट्रिब्यूटरचा पत्ता मिळाला, तर त्याच्याकडचा साठा संपलेला. तीन आठवडे मी दर दोन दिवसांनी त्याला फोन करत होते. चौथ्या आठवड्यात त्यानेच फोन करून सांगितलं, "मॅडम, आला. या."

पहिला सेन्सर चौथ्याच दिवशी दाराच्या चौकटीला घासून उखडला. मी खाली बसले आणि त्या पाच हजारांच्या टिकलीकडे बघत राहिले. मग उठले, कंपनीला फोन लावला, त्यांनी मागितले ते फोटो पाठवले आणि बदली सेन्सर येईपर्यंत पिच्छा सोडला नाही. आता वरून पट्टी चिकटवते.

तात्यांनी महिन्याची मुदत वाढवून दिली, पण पहिल्या दिवशी आपण स्वतः मागच्या सीटवर बसणार असं म्हणाले. मधल्या काळात तात्या काकूंना दुसरी बाई द्यायला निघाले होते, तर त्या थांबून राहिल्या. म्हणाल्या, "मला ह्याच पाहिजेत. आता आम्ही दोघी एकमेकींना ओळखतो." आम्ही निघालो. निघताना आकडा एकशे चाळीस, बाण आडवा. चाळीस मिनिटांनी मोबाइलची घंटा वाजली. मी ती ऐंशीवर लावून ठेवलीय, धोका अजून लांब असतानाच. मला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. त्या घंटेवाचून मी तशीच बोलत राहिले असते. मी म्हटलं, "काकू, इंडिकेटर द्या, आरशात बघा, सावकाश डाव्या बाजूला लावा." त्यांनी इतकी सुंदर गाडी लावली, आई, की परीक्षेला तेवढ्यावर पास झाल्या असत्या. मी ग्लुकोजच्या गोळ्या खाल्ल्या, बाण वर वळला तो तात्यांना दाखवला आणि सांगितलं की आजचा तास इथेच संपला, इथून परत गाडी तुम्ही न्यायची. तात्यांनी मोबाइल हातात घेऊन तो बाण जवळून बघितला आणि म्हणाले, "ह्या माझ्या बापाशीक मिळाला असता तर." त्यांच्या वडिलांना गिरणी सुटल्यावर साखर निघाली होती आणि पुढे पाय कापावा लागला होता, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा गाडीत. दोन शिकवण्यांच्या मध्ये दहा मिनिटं मोकळी ठेवायची सूचना तात्यांचीच.

पैशांसाठी मी रविवारची बायकांची बॅच घेतली. आणि डॉक्टरबाईंच्या दवाखान्याच्या बाकावर ओळख झालेले आम्ही सहा जण एकत्र अंधेरीला गेलो. सहा जणांचा माल एकदम उचलतो म्हटल्यावर डिस्ट्रिब्यूटरने दर खाली आणला, आणि आमचे सेन्सर वेगळे काढून ठेवायचं कबूल केलं. आमच्यातल्या दोघांना तरीही दर पंधरवड्याला जमत नाही. डॉक्टरबाईंनी त्यांना तीन महिन्यांतून एकदा लावायला सांगितलंय. पंधरा दिवसांत साखर कुठे घसरते, कुठे चढते ते कळतं, आणि त्या अंदाजावर पुढचे अडीच महिने बोटं टोचून काढायची. तुझ्या चिरलेल्या पट्ट्याच आहेत त्या. काम चालतं. पण चालतं म्हणून ते बरोबर आहे असं मी आता म्हणणार नाही. इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसाला हे सरकारी दवाखान्यातून मिळायला हवं, असा अर्ज आम्ही सगळ्यांनी सह्या करून आरोग्य खात्यात दिलाय. उत्तर आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जाणार आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत जात राहीन. तेवढी चिकाटी माझ्यात आहे, आणि ती कुणाकडून आली हे काही विचारायला नको.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तू काविळीने गेलीस तेव्हा मी बावीस वर्षांची होते. घरात सगळ्या बायका रडत होत्या, मीही रडत होते. पण मध्येच माझ्या मनात आलं की उद्या सकाळी मला कुणी विचारणार नाही. काय खाल्लंस, किती निघाली, सुई घेतलीस का, कुणी म्हणजे कुणीच नाही. आणि आई, घटकाभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.