एसीच्या जाळीवरच्या पापड्या

निरंजन,

मेकॅनिकला बोलावू नको. एसीतला गॅस संपलेला नाही आणि रंजितानंही काही बिघडवलेलं नाही.

रविवारी तू एसीच्या जाळ्या धुऊन गच्चीवर ठेवल्या होत्या. इतकी बारीक, स्वच्छ जाळी पाहून मला राहवलं नाही. कच्च्या केळ्याच्या पापड्या मी त्यांच्यावरच घातल्या. पापड्या सुटल्या, पण लगदा भोकांत बसला. तेवढ्यात तू खालून हाका मारायला लागलास, म्हणून तशाच आणून दिल्या. तूही चष्मा न लावताच बसवल्यास. मग हवा येईना, तर "तूच रिमोट ओल्या फडक्यानं पुसलास" म्हणून बायकोवर खेकसलास. तीन दिवस ती तुझ्याशी बोलत नाही, आणि माझं तोंड काही उघडलं नाही.

जाळ्या कोमट पाण्यात भिजत घातल्यात. ब्रशनं हळू घास, सावलीत वाळव, मगच बसव. मी धूलकोटला तुझ्या बहिणीकडे चाललेय. ओरडायचं ते परत आल्यावर ओरड.

पापड्या मात्र एक नंबर झाल्यात. डबा रंजिताच्या हवाली केलाय. निघताना तिची माफीही मागितली. आता तुझी पाळी. त्याआधी डब्याला हात लावायचा नाही.

आई