कर्किडकातली कांजी

सजीवएट्टा,

तुमच्या अम्मांची आजची केमो डॉक्टरांनी ऐनवेळी थांबवली. महिन्याभरात लिव्हरचे रिपोर्ट इतके बिघडलेत की डॉक्टरबाई कागदाकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "बाहेरचं काही औषध चालू आहे का?"

"छे! वैद्याची पायरीसुद्धा चढलो नाही," मी ठसक्यात सांगितलं.

"मग सकाळी काय खाल्लं?"

"कांजी."

"कुठली कांजी?"

पावसाळ्यातला आपला कर्किडक महिना चालू आहे, घरोघरी असते तीच, दुसरी कुठली असणार? तांदळाच्या पेजेत ती अठरा प्रकारच्या मुळ्या-झाडपाल्याची पुडी घालून शिजवलेली, दरवर्षीचीच, असं मी सांगितलं. अम्मा फणकारल्या, "अहो, ते जेवण आहे! औषध कोण म्हणतं त्याला?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मीही आज तीच खाऊन आलेय," त्या हळूच म्हणाल्या. "दर वेळी औषधाचंच विचारत राहिले. कांजीचं मला सुचलंच नाही."

कांजीनंच झालं असं त्या म्हणत नाहीत. पुडी तपासायला मागितलीय, तोवर कांजी बंद.

फोनवर तुम्हाला एवढंच सांगेन की केमो पुढे ढकललीय. हे पत्र काही शारजाला येणार नाही. कारण महिना लागला त्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात, "इथे कुठली मिळायला कांजी? माझ्या वाटणीचीही अम्माला दे."

दिली हो मी. रोज दोन वाट्या.

तुमची,
रजिता