आमच्या थांब्यावर न बोलणारी बस

सोमवार, २ सप्टेंबर

आक्का चुकीच्या बसमध्ये बसली! सकाळी आठला कामावर जायची रंगीत तालीम म्हणून एकटी निघाली आणि नऊला फोन – "मी आगारात आहे. इथली माणसं फार सभ्य आहेत. घ्यायला येऊ नकोस." अर्थात गेलोच.

येताना गाडीत हसत होती. घरात शिरल्यावर चपला न काढताच खुर्चीत बसून राहिली. माझ्या दुकानासमोरच्या थांब्यावर तीन बस एकामागे एक लागतात. तिला आता उजेड आणि सावली, एवढंच कळतं. पाटीवरचा नंबर कुठून दिसणार? शेजारी उभ्या असलेल्याला विचारलं, तर तो कानांत बोंडं घालून गाणी ऐकत होता.

एक तारखेला तिची डोळ्यांसाठी घेतलेली रजा संपते. इस्पितळाच्या टेलिफोनवर एकवीस वर्षं काढली तिने. बायको म्हणाली, "वन्सं, हे सोडतील की रोज."

"सोडायला माणूस लागला, की मी राजीनामा दिला म्हणून समज."

माझी बहीण आहे. देईलच.

गुरुवार, ५

परिवहन कार्यालय, खिडकी चार. भांडायच्या तयारीने गेलो होतो. चार वाक्यं घोकूनही ठेवली होती. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "काका, आधी बसा. कुठला थांबा, कुठली बस, किती वाजता – एवढं सांगा. अर्ज मी लिहिते." सगळं भांडण वाया!

बाईंनीच विचारलं, "पण बस बोलत नाही का? दार उघडलं की बाहेरचा स्पीकर नंबर सांगतो, कुठे जाणार ते सांगतो. सगळ्या गाड्यांना बसवलाय."

म्हटलं, "आमच्याकडे नाही बोलत. बोलली असती तर मला ऐकू आलं असतं."

बढाई नाही ही. शिलाई मशीन उघडण्याआधी मी ते कानाने तपासतो. सायकलवर पिशवी अडकवून दारोदार दुरुस्त्या करत फिरायचो, तेव्हा दुसरं होतं काय माझ्याकडे? आज दुकान आहे, दोन कारागीर आहेत, ते या कानांच्या जिवावर.

सोमवार, ९

आज जे झालं ते लिहायला हात वळत नाही. तरी लिहितो.

आक्काला घेऊन पूर्ण मार्गावर फिरलो. आमच्या थांब्यावर बस आली – गप्प. पुढच्या थांब्यावर दार उघडलं, आणि बाहेर खणखणीत आवाज! नंबर, ठिकाण, सगळं. त्याच्या पुढेही तेच. शेवटपर्यंत बोलत गेली. मग आमच्याशीच काय वैर?

आगारात चालकाला विचारलं. भला माणूस. डबा बाजूला ठेवून सांगू लागला. "तो थांबा आला की आम्ही बटण दाबून आवाज बंद करतो. तसा हुकूमच आहे. तिथे कोणी मशीनवाला आहे म्हणे, फार खडूस. त्याच्या कानांना त्रास होतो! सतरा दुकानदारांच्या सह्या घेऊन आला होता. चार वर्षं झाली."

आक्का खोकली.

मला आठवलंच नव्हतं, हे देवाशप्पथ खरं. गोंगाटाविरुद्ध तक्रार केली होती, ते आठवत होतं. सात कलमं होती. सेलवाल्याचा भोंगा बंद झाला याचा तर मी वर्षभर तोरा मिरवला. पण बसचा स्पीकर? तेव्हा नुकताच आला होता.

परतताना दोन थांबे गेले. मग आक्का असं हसायला लागली की पुढची माणसं वळून बघायला लागली. "लहानपणी झोप येत नाही म्हणून घड्याळाचा लंबक धरून बसायचास! सगळ्या घराला उशीर करायचास!" डोळे पुसले. म्हणाली, "बरं. आता निस्तर."

रागावली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, १०

जुनी फाईल काढली. कलम सहा: बसचा स्पीकर. अक्षर माझं, पहिली सही माझी.

बुधवार, ११

खिडकी चार. "बाई, एका माणसाविरुद्ध तक्रार लिहून घ्या."

"नाव?"

सांगितलं. बाईंनी चष्मा काढून मला नीट पाहिलं. मग मागे वळून आख्ख्या कचेरीला ओरडून सांगितलं. सगळे हसले, मीही हसलो. न हसून करतो काय?

पण बाई कामाच्या. म्हणाल्या, "हुकुमामागे सतरा सह्या आहेत. सतरा जणांनी माघार लिहून दिली, तर साहेबांना नाही म्हणायला जागा उरणार नाही. एक जरी अडला, तर चौकशी लागेल. चौकशी म्हणजे दोन महिने."

एक तारखेला वीस दिवस उरलेत.

मंगळवार, १७

सोळा झाल्या! औषधवाल्याने न वाचताच केली. "मागच्या वेळीही कुठे वाचली होती?" शिवणवाल्या ताईंनी आक्काला आधी खुर्ची दिली, मग सही दिली. या माणसांचे किती म्हणून आभार मानू!

घड्याळवाला अडला. "चार वर्षांपूर्वी तूच इथे उभं राहून अर्धा तास सांगत होतास – गोंगाटाने माणूस लवकर म्हातारा होतो. मला पटलं. आता ते खोटं का?"

मी इतकं चांगलं बोलतो, याचा पहिल्यांदाच पस्तावा झाला.

शनिवार, २१

घड्याळवाला स्वतःच दुकानात आला. दोन दिवस थांब्यावर उभा राहून बघत होता म्हणे. "तुझ्या बहिणीने काल तीन बस सोडल्या. विचारायला दरवेळी तोंड उघडलं, तोवर दार बंद." सही करतो, पण आवाज थोडा कमी ठेवा, असं लिहून हवं. एवढी साधी गोष्ट! चार वर्षांपूर्वी मला ती का सुचली नाही?

बाईंनी ती अट त्याच शब्दांत अर्जात घातली.

सोमवार, ३०

हुकूम निघाला! बाईंचा फोन आला, स्वतःच्या फोनवरून. "काका, उद्या पहिल्या बसपासून." त्यांना काय द्यावं कळेना. म्हटलं, घरचं मशीन बिघडलं तर कळवा. म्हणाल्या, "आईचं आहे, खडखडतं." फोनवरच ऐकवायला लावलं. बॉबिनची पेटी सैल आहे. उद्या जाऊन बसवतो.

मंगळवार, १ ऑक्टोबर

आठ वाजून बारा मिनिटं. दुकानाच्या पायरीवर उभा होतो, हाक मारायची नाही असं ठरवून. पहिली बस बोलली – आक्का हलली नाही. दुसरी बोलली – नाही. तिसरी बोलली, आणि आक्का दांडीला हात लावून चढली. चालकाने मला हात केला. तोच तो!

इस्पितळातून फोन आला. "नमस्कार, टेलिफोन विभाग. आपलं काय काम आहे?" बायको आणि मी दोघं फोनला कान लावून रडलो. सगळी माणसं भली भेटली. सगळी!

शुक्रवार, ४

दुपारी एक बाई पांढरी काठी टेकत दुकानात आल्या. ओळखीच्या नव्हत्या. "मशीनवाले आपणच ना? चालक म्हणाला, तुम्ही बस बोलती करून घेतली. आभार मानायला आले. मी मागच्याच गल्लीत राहते. चार वर्षं पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन चढते – तिथली बोलते म्हणून. एकदा वाटेत पडले, तेव्हापासून गुडघा असा आहे."

स्टूल दिलं. कारागिरांना मशीनं बंद करायला सांगितली. मग सगळं सांगितलं.

त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. समोर बस येऊन थांबली, नंबर सांगितला.

"ही माझी," म्हणाल्या, आणि उठल्या.