अर्जाच्या पाठीवरचे अकरा पाणवठे

प्रिय दत्ताराम,

सप्रेम जयभीम. तुझा डावा गुडघा, भांडुपचं हार्डवेअरचं दुकान आणि अलिबागच्या सरकारी कचेरीत लागलेली तुझी पुतणी शर्मिला, सगळं ठीकठाक असेल असं धरून चालतो. मी बरा आहे. (साखर वाढली आहे, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही असं ठरवलं होतं.)

पत्रास कारण की, मी हरलो. चाळीस वर्षांपूर्वी महाडच्या एसटी कँटीनमध्ये आपली जुंपली होती, आठवतं? मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो होतो की सरकारने माणसाच्या पोटाची आणि म्हातारपणाची सोय लावली की तो नफ्याच्या मागे धावणार नाही, ज्ञानाच्या मागे लागेल. (त्या मुठीने तुझा चहा सांडला. दुसरा मी पाजला नव्हता.) तू एवढंच म्हणालास की बुद्ध्या, पोट भरलेला माणूस आधी झोपतो, मग बघू. आणि दुकान टाकायला मुंबईला निघून गेलास. मी शाळेत क्लार्क झालो, दरवर्षी वीस मार्चला चवदार तळ्यावरच्या स्टॉलवरून एकेक जाड पुस्तक आणत राहिलो, आणि निवृत्तीनंतर करायचा अभ्यासही ठरवून टाकला. तळं खुलं झालं त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षं आपल्या वाड्यावाड्यांतली माणसं नेमकं कुठलं पाणी पीत होती? कुठला झरा, कोणत्या दगडाखाली, तो कोण उपसायचं? ते कुणीच लिहून ठेवलेलं नाही. त्यासाठी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर माझं नाव सुंदर अक्षरात आहे.

निवृत्त झालो, पेन्शन सुरू झाली, रेशनचं धान्य घरात, नळाला पाणी. आता ज्ञानाशिवाय दुसरं काही करायला जागाच उरली नव्हती. पण पहिल्याच आठवड्यात ठकूबाई एक फॉर्म घेऊन आली. मग महादू, मग त्याचा मेहुणा, मग उमरठहून कुणीतरी माझं नाव विचारत आलं. निराधार, घरकुल, पीक विमा, ई-केवायसी. दत्ताराम, सरकारने मला मोकळं केलं आणि मी सरकारचेच फॉर्म भरत बसलो. लोकांवर ढकलण्यात अर्थ नाही. ते मला साहेब म्हणायचे. आयुष्यभर मी शाळेत दुसऱ्यांना साहेब म्हटलं होतं रे, त्यामुळे ते गोड लागलं आणि ती वही कपाटात राहिली.

आता तुझ्या सोनाआत्याचं सांगतो. वाडीवर ते पाणवठे ठाऊक असलेली ती एकटीच उरली आहे. तिचं अनुदान थांबलं, कारण मशीन तिचा अंगठा ओळखेना. (माझा अंगठा पहिल्या फटक्यात ओळखतं. चाळीस वर्षांत त्याला शाईपलीकडे काही लागलंय कुठे?) म्हणून मी तिला दर महिन्याला सेवा केंद्रात न्यायचो, कधी महाडला, कधी पोलादपूरला. रांगेत पाच-पाच तास. आणि ती बाई पाचही तास पाण्याबद्दलच बोलायची! आई कुठे नेत होती, उन्हाळ्यात कुठलं आटायचं, करवंटीने पाणी कसं भरायचं. आणि मी मांडीवर लोकांचे फॉर्म घेऊन म्हणायचो, थांब गो आत्या, एवढं होऊ दे. ती म्हणायची, "लिव रे बाबा, लिव. माजं काय, मी हाय."

एकदाच, जानेवारीत, मला लाज वाटली. वही घरी होती, म्हणून हातातल्याच कागदाच्या पाठीवर लिहिलं. तिने एका दमात अकरा पाणवठे सांगितले, खुणांसकट. तेवढ्यात आमचा नंबर लागला, खिडकीतून हात आला, आणि मी चाळीस वर्षांच्या सवयीने कागद पुढे केला. तो आत्याचाच अर्ज होता. पोच मात्र घेतली, ती जपून ठेवली आहे. त्यानंतर आत्याला ताप आला, आणि आता तिचं बोलणं जागेवर नाही. मला अकरांतलं फक्त उंबराचं पाणी आठवतं.

तर चहा तुझा राहिला. ये एकदा.

तुझा,
बुद्धरत्न

ता. क. : अर्ज अलिबागला गेला असं कळलं. सोबत पोचेची झेरॉक्स आहे. शर्मिलाला एवढंच सांग की अर्ज मंजूर करून नको, तो फक्त उलटा करून पाठीचा फोटो पाठव. पाया पडतो म्हणावं. (सगळं पत्र खरं म्हणजे याचसाठी होतं, पण आधी हरल्याचं कबूल केलं तर तू नाही म्हणणार नाहीस असा माझा हिशोब होता.)

आणखी एक : काल मशीनने आत्याचा अंगठा ओळखला. केंद्रात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना रिक्षात तिने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "कुनाचा रे तू? पानी भरलंस का? कुटं गावलं?" मी म्हटलं, घरात, नळाला. तर इतकी हसली, दत्ताराम, की डोळे पुसायला लागली. म्हणाली, "खोटं नको बोलू. खरी जागा सांग, मी कुनाला नाय सांगायची."