एकीला मानवली, एकीला नाही

अबेओकुटा,
रविवार दुपार

प्रिय केहिंदे,

वसतिगृहात फोन चालत नाही, म्हणून तुझ्या मामाच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र पाठवतेय. सोबत गारीच्या रव्याची पिशवी आहे, त्यात भिजवताना घालायला साखर आहे, भाजलेले शेंगदाणे आहेत. शेंगदाणे सगळ्या खोलीला वाटून बसू नकोस, तुझा हात सैल आहे हे मला ठाऊक आहे. धुळीचा वारा तिकडे जास्त असेल, ओठांना तेल लाव. आणि या वेळी उत्तर नीट लिही. मागच्या चिठ्ठीत 'मी बरी आहे' एवढंच होतं. अगं, मी तुझी आई आहे, पोस्टखातं नाही.

आधी तायवोचं सांगते, कारण तू आधी तेच शोधशील. ती इथल्या शाळेत रुळली. वर्गात ही गर्दी, पंख्याची लहर असेल तेव्हा तो फिरतो. पहिल्याच आठवड्यात भूगोलाच्या मास्तरांशी तिचं वाजलं, आणि आता म्हणे तेच तिला पहिल्या बाकावर बसवतात. बोसेची आई परवा दुकानात कापड बघायच्या निमित्तानं आली आणि म्हणते कशी, "काय गं, धाकटीला शाळेतून काढलं म्हणे?" मी म्हटलं, "काढलं नाही, बदललं. चप्पल चावायला लागली तर तू चप्पल बदलतेस की पाय कापून घेतेस?" कापड न घेताच गेली. दुसरे विचारतात, मग ती कशात हुशार आहे, गाण्यात की धावण्यात? जणू त्या मोठ्या शाळेतून आली म्हणजे दुसरीकडे कुठेतरी पहिला नंबर काढून भरपाई केली पाहिजे. कशातच नाही, मी सांगते. अकरा वर्षांची पोर आहे. मार्क मधलेच आहेत. पण घरात आली की दप्तर भिरकावते आणि जी सुरू होते ती झोपेपर्यंत. आजी म्हणते, कान दुखले माझे. आणि मग तीच विचारते, पोरगी अजून आली कशी नाही?

तुझ्या त्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला तो दिवस मला आज सकाळपासून आठवतोय. यादीत तुझं नाव अगदी वर होतं आणि तायवोचं अगदी तळाशी, पण होती दोघींचीही. तुझ्या आजीनं चवळीचं हे मोठं पातेलं चढवलं आणि गल्लीतली सगळी पोरं जेवायला बसवली. मी बाजारातून दोन सारख्या पेट्या आणल्या, दोन सारख्या बादल्या, दोन सारखे टॉवेल. एकीला दिलं ते दुसरीला द्यायचंच, नाहीतर जुळी रुसतात, आणि रुसलेली जुळी घरात टिकत नाहीत, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आलेय. मानतही आलेय. एकीला ताप आला तर मी दोघींना औषध पाजलंय, विचार आजीला. मग शाळा काय, तीही दोघींना एकाच चमच्यानं पाजली. वरच्या नावाला जे झेपेल ते तळाच्या नावाला झेपेल का, हे घरात कुणाच्याही मनात आलं नाही.

नाताळच्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा मी आवडीची चवळी केली होती, तळलेल्या केळ्यांबरोबर. तायवो पातेल्यासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "घेऊ का?" केहिंदे, माझ्या काळजाचं पाणी झालं. जिच्या हातून कढई ओढून घ्यावी लागायची ती पोर स्वतःच्या घरात विचारते, घेऊ का! बोलणं तर पार आटलं होतं. दर सोमवारी सगळ्या शाळेसमोर नंबर वाचून दाखवतात आणि तिचा शेवटून पहिला असतो, हे तिनं मला तीन-चार दिवसांनी सांगितलं, तेही भांडी घासताना, पाठ फिरवून. आणि त्याच सुट्टीत तू बाबांना पाण्याच्या टाकीचं गणित समजावत होतीस. हात असे नाचत होते तुझे, डोळे असे चमकत होते की बाबा गणित विसरून तुझ्याकडेच बघत बसले. मग तुझं लक्ष तायवोकडे गेलं आणि तू मध्येच गप्प झालीस. "पुढं?" बाबांनी विचारलं. तू म्हणालीस, "पुढं आठवत नाही." मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी केळी तळत होते.

नंतरचं सगळं तुझ्यासमोरच झालं. शाळेनं कळवलं की तायवोनं हेच वर्ष पुन्हा करावं नाहीतर दुसरी शाळा बघावी. बाबा म्हणाले, "शिकवणी लावू, दोघी तिथेच राहतील, जरा कळ काढली पाहिजे." आजी म्हणाली, "जुळ्यांची ताटातूट मी जिवंत असेपर्यंत होणार नाही. दोघींना घरी आणा." म्हणजे एकीला जमत नाही म्हणून एक तर तिनं तिथे कुढत राहायचं, नाहीतर तू चांगली चाललेली शाळा सोडायची. मी दोघांशी भांडून थकले. तू कोपऱ्यात बसून म्हणालीस, "मला काही चालेल." आणि तायवो, जी महिनाभर धड बोलली नव्हती, ती उठून आजीसमोर उभी राहिली. "आजी, तूच सांगतेस ना, केहिंदे थोरली, तिनं मला आधी जन्माला पाठवलं, जग कसं लागतं ते चाखून ये म्हणून? मग चाखलं मी. ही शाळा मला कडू लागली. तिला गोड लागतेय. तुला डॉक्टरनं मीठ बंद केलंय, म्हणून आम्ही कुणी मीठ सोडलं का?" आजीनं तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "ही पोरगी नापास झालीच कशी?" बाबा हसले, आणि तिथेच ठरलं.

मी त्या शाळेला नावं ठेवत नाही हं. तुला तिथे जे मिळतंय ते इथल्या शाळेत मिळणार नाही, हे मला दिसतं. आग तीच असते, एकीची भाकरी फुगते आणि दुसरीची करपते, म्हणून कुणी चूल फोडत नाही. आपण भाकरी बघायची. जानेवारीत तू एकटीच गाडीत बसलीस, मागे वळून पाहिलं नाहीस, तेव्हा मी बाबांना म्हटलं, बघा, माझी थोरली किती घट्ट आहे. चुकलंच माझं. तू घट्ट नव्हतीस, तू काहीतरी ठरवून बसली होतीस.

कारण शुक्रवारी तुमच्या ओकुनादे बाईंचा फोन आला. सगळ्यांत आधी म्हणाल्या की त्या हे अजून कुणाला बोललेल्या नाहीत. गणिताच्या प्रत्येक चाचणीत तू खाली खाली चालली आहेस, म्हणून गेल्या चाचणीला त्या मुद्दाम तुझ्या बाकामागे उभ्या राहिल्या. "तिनं उत्तर काढलं, अगदी बरोबर काढलं, आणि मग खोडलं," बाई म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मी दुकान उघडं टाकून आत जाऊन रडले. नापास झालं की घरी पाठवतात, हेच शिकलीस होय गं बहिणीकडून? मी तायवोला सांगितलं. मला वाटलं, तीही रडेल. ती भडकली. "माझ्या वाटचं नापास व्हायला तिला कुणी सांगितलं? मी काय मेलेय? सांग तिला, माझ्यामुळे शाळा सोडली तर जन्मभर बोलणार नाही मी." मग आतल्या खोलीत जाऊन रडलीच. तर ऐक. तुला ती शाळा खरंच नको असेल तर एक ओळ लिही, मी त्याच दिवशी न्यायला येईन, ना बाबांना विचारणार ना आजीला. पण तुला ती आवडते, बाळा. जे आवडतं ते आवडतं म्हणायला बहिणीची माफी मागावी लागत नाही. तुम्ही एका पोटातून आलात, म्हणून जन्मभर एकाच बाकावर बसायला हवं असं थोडंच आहे? तिची काळजी करायला मी आहे, तुझं ते काम नाही, ते आजपासून मी तुझ्याकडून काढून घेतलं. शनिवारी भेटीचा दिवस आहे, आम्ही दोघी येतोय. तायवो म्हणते, पाहुणी म्हणून जायला ती शाळा झकास आहे. तोवर एखादी चाचणी झाली तर येतं ते लिही, आणि लिहिलेलं राहू दे.

तुम्हा दोघींची, पण आज फक्त तुझीच,
आई