दुपारचे दोन तास

सोमवार, ७ जुलै
सई शाळेत शिक्षिका झाली. माझी नात. अकरावीच्या मुली तिला ‘मिस’ म्हणून उभ्या राहतात. इथं कलकत्त्यात आपल्यासारखे पेढे मिळत नाहीत, इथली मिठाई म्हणून संदेश वाटले. शेजारच्या बंगाली बाईंनी दोन उचलले, उचलू देत.
तिला इंग्रजी शिकवायचंय. अमेरिकेतली जुनी कादंबरी लावलीय, नाव माझ्या जिभेवर बसत नाही. कापसाच्या मळ्यावरचं घर आणि त्यात राबणारी काळी स्वयंपाकीण. सई धडा आधी माझ्यावर करून बघणार. ‘आजी, तुला समजलं तर कुणालाही समजेल.’ हा मान की अपमान, विचारलं नाही. तिसरीनंतर आज पंच्याहत्तराव्या वर्षी शाळेत बसले. डायनिंग टेबलाशी, शेंगा सोलत.

बुधवार, ९ जुलै
सई गोष्टीला हातच घालत नाही. आधी तो काळ सांगते. माणसं जहाजात कोंबून आणली, बाजारात उभी करून विकली, आई एकीकडे, लेकरू एकीकडे. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मुली कुरकुरतात म्हणे, मिस, गोष्ट कधी? म्हटलं, सांग त्यांना, कीर्तनात आधी पूर्वरंग, मग उत्तररंग. बुवा काय उगाच तासभर निरूपण करतात? सईनं कीर्तन पाहिलेलं नाही, इथंच वाढली, मराठीही बंगाली हेल काढून बोलते. नीट सांगितलं तर खूश. वहीत लिहून घेतलं. माझं बोलणं, वहीत.
मुली तिला बर्गी म्हणून चिडवतात. बर्गी म्हणजे आपले मराठे, लुटायला आलेले. आपल्या भीतीनं बागबाजारला खंदक खणला होता म्हणे. आम्ही तिथंच राहायचो, मला कुणी सांगितलं नाही. मला बागबाजार म्हटलं की मीनूदींचं घर आठवतं. ते नंतर. कुकर झाला.

शुक्रवार, ११ जुलै
आजचा धडा. तिकडचे मालक म्हणायचे, आमची स्वयंपाकीण म्हणजे घरचीच. मी लगेच म्हटलं, ‘आमच्याकडे वन्सं होत्या की, तशाच.’ आता वन्सं (पुढे व. लिहिते, बोटं दुखतात) खरोखरच घरच्या, ह्यांची सख्खी बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला. ह्यांची बँकेतली बदली कलकत्त्याला झाली तेव्हा आमच्याबरोबर आल्या. बागबाजारला सात वर्षं. स्वयंपाक, मुलांचं, माझी दोन्ही बाळंतपणं. कधी वर मान नाही. आता साताऱ्याला धाकट्या दिरांकडे असतात.
सईला फार आवडलं. ‘आत्याआजीचं वर्गात सांगू?’
‘सांग की.’ फुगले होते मी.

सोमवार, १४ जुलै
सांगून आली. एका मुलीनं विचारलं म्हणे, मिस, त्यांना स्वतःला काय करायचं होतं? सईला सांगता येईना. मला विचारलं.
म्हटलं, त्या काळी असं विचारायची पद्धत नव्हती.
खोटं. व. नीच विचारलं होतं, मला.

मंगळवार, १५ जुलै
तिकडे बऱ्याच ठिकाणी गुलामांना अक्षर शिकवायला कायद्यानं बंदी होती. का, तर वाचता आलं की माणूस मुठीत राहत नाही. सई आपल्या नादात बोलत होती. मला पुढचं ऐकू आलं नाही.
लिहून टाकते. मीनूदी आमच्या खालच्या मजल्यावर. दुपारी दोन ते चार बायकांना शिकवायच्या. हिंदी अक्षरं, म्हणजे आपलीच, आणि थोडी शिवण. व. शाळेत कधी गेल्याच नव्हत्या. मला म्हणाल्या, ‘वहिनी, दुपारी दोन तास जाऊ का? भांडी उरकून जाईन.’
मी म्हटलं, ‘आणि चारचा चहा?’
एवढंच. चहा कुणाला, तर मला. हे तर सहाला यायचे. मी झोपून उठायची, उठल्याबरोबर लागायचा. सव्वाचारला मिळाला असता. पाव तास.
व. नी पुन्हा विचारलं नाही. आजही अंगठा उठवतात.
आणि नुसता चहाही नव्हता. घरात बायकांत वाचता येणारी मी एकटी. गावाकडची पत्रं मी वाचून दाखवायची, त्या खाली बसून ऐकायच्या. ते मला…
सईला सांगितलं सगळं. म्हणाली, ‘आजी, ते आणि हे एक नाही. त्यांना विकत होते.’
‘मग बरं.’
‘बरं असंही नाही म्हणाले मी.’ उठून आत गेली.

शनिवार, १९ जुलै
व. ना पत्र लिहिलं. सहा ओळींना दोन दिवस. माझं चुकलं, असं साध्या शब्दांत. पाकीट चिकटवलं आणि मग डोक्यात उजेड पडला, वाचणार कोण? दिरांची सून वाचून दाखवणार, सगळ्यांत, टीव्ही बारीक करून. आणि व. पदरानं तोंड पुसत ऐकणार. कुणामुळे, तर माझ्यामुळे.
पत्र ह्याच वहीत ठेवलंय.

सोमवार, २१ जुलै
साताऱ्याला फोन केला. गुडघे, बीपी, कुणाचं लग्न ठरलं, सगळं झालं. मग म्हटलं, ‘वन्सं, चार महिने इकडे या. सई शिकवेल तुम्हाला. दुपारी दोन तास.’
‘दोन तास,’ असं माझ्यामागून सावकाश म्हणाल्या. त्यांना आठवतंय. मला वाटत होतं विसरल्या असतील.
मग म्हणाल्या, ‘आणि इथला चारचा चहा, वहिनी? पोरं शाळेतनं येतात, सून दमून येते.’
टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. एकोणऐंशी वर्षांच्या आहेत.
माफीचं तोंडातच राहिलं.

गुरुवार, २४ जुलै
सईच्या वर्गात आज गोष्टीचं पहिलं पान उघडलं. तीच मुलगी विचारत होती, मिस, त्या आजींचं पुढं काय झालं?
‘काय सांगू?’ सईनं मला विचारलं.
‘थांब म्हणावं.’
सकाळी मी आंघोळीला गेले असताना व. चा फोन येऊन गेला. आमच्या सूनबाईनं, सईच्या आईनं घेतला. काम काही नाही म्हणाल्या, दुपारी दोननंतर करते, तेव्हा आमच्या घरात कुणी नसतं. आजवर त्यांनी आपणहून फोन केलेला मला आठवत नाही.
आज झोपले नाही. पाकीट फोडून पत्र पुढ्यात ठेवलंय. मीच वाचून दाखवीन, पूर्वी वाचायची तसं. चष्मा पुसून झाला. दोन वाजून गेले. तीनही वाजले, फोन नाही.
सव्वातीन. चारला त्या चहा टाकायला उठतील.