माहेरची चावडी

तीर्थपुरी
दि. १९ ऑगस्ट २०२५, मंगळवार

प्रिय आकांक्षा,

तुला आणि जावईबुवांना तुझ्या प्रियदर्शनी वहिनीचा नमस्कार, लेकराला गोड पापा. इकडं आपल्या दोन्ही घरी सगळे बरे आहेत. पाऊस बराबर झालाय, कपाशी गुडघ्याच्या वर गेलीय. शुक्रवारी पोळा. तुझ्या आईचे पाय दुखतात, तरी काठी टेकत समोर तुमच्याच गाळ्यातल्या माझ्या सेवा केंद्रात येऊन बसते आणि कोण कशाला आलं ते विचारून घेते.

दिवसभर लोकांचे अर्ज कॉम्प्युटरवर भरणारी बाई पोस्टाचं पाकीट कशाला चिकटवून राह्यली, असं तुला वाटेल. फोन दोनदा हातात घेतला, दोनदा ठेवून दिला. तोंडानं सांगितलेलं वाऱ्यावर जातं, कागद राहतो, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. म्हणून कागद.

आधी माझ्या घरचं ऐक. माझी एक सवय तुला माहीत न्हाई. सकाळी शटर उघडलं की गिऱ्हाईक यायच्या आधी मी सरकारची ती ‘आपली चावडी’ वेबसाइट लावते, जिल्हा जालना, तालुका भोकरदन, गाव धावडा. आधी तलाठी फेरफाराची नोटीस चावडीच्या भिंतीला चिकटवायचा, आता ती तिथं दिसते. कोण वारलं, कोणाची जमीन कोणी घेतली, कोणा भावांची वाटणी झाली, सगळं कळतं. धावडा इथून लांब, वर्षातून दोनदा जाणं होतं. मी माहेरची खबर अशी वाचते. आमचे कचरू हसतात मला, म्हणतात, बायका देवाचं नाव घेतात, ही सात-बारा वाचते.

पाच तारखेला तिथं माझ्या वडलांचं नाव होतं. मयत जगन्नाथ. वारस दोन. माझी आई आणि माझा भाऊ भागवत. मी खाली सरकवत राह्यले. पानच संपलं.

भागवत जालन्यात वकील आहे, हे तू जाणतेस. लेकीचा वाटा लेकाइतकाच, हे मला कायद्यातलं काही कळायच्या आधी त्यानंच सांगितलं होतं. नऊ तारखेला राखी बांधायला गेल्ते. आधी राखी बांधली, ओवाळलं, मंग पर्समधून नोटिशीचा कागद काढून ताटाशेजारी ठेवला. त्याला जराशी तरी लाज वाटेल, असं वाटलं होतं मला. तो कागद उलटा करून म्हणाला,

“ताई, मला कायदा शिकवू नको. गावात ते पान बघून राह्यलंय कोण?”

“मी बघून राह्यले,” मी म्हणाले.

तेवढ्यात आतून आई बोलली. म्हणे, भाऊ दर दिवाळीला साडीचोळी करतो ना, मंग नाव कशाला लावून घ्यायचं? आकांक्षा, मला भावापेक्षा आईचा राग आला. अजून येतो. तिला तिच्या माहेरानं साडीचोळीपलीकडं काही दिलं न्हाई, हे मला माहीत आहे, आणि तरी ती असं बोलली.

जेवण न करता उठले. सोमवारी हरकतीचा अर्ज स्वतः टाइप केला आणि धावड्याला जाऊन तलाठ्याच्या हातात दिला, पोच घेतली. हरकतीला पंधरा दिवस असतात, त्यातले नऊच उरले होते. आता सुनावणी लागेल. भागवतनं फोन करून सांगितलं की तुझं माहेर संपलं. मी म्हणाले, ते तू वारस मोजले तेव्हाच संपलं.

एवढं लिहून मी चहा करून आले. परत बसले, वरचं वाचून काढलं. भागवतला शिव्या देणं सोपं आहे, त्यावर मी दहा पानं लिहीन. पण पत्र तुला लिहायचं कारण भागवत न्हाई.

मे महिन्यात तुझा भाऊ काकासाहेब माझ्याकडं आल्ता. तुझ्या वडलांचा, रामरावकाकांचा मृत्यूचा दाखला घेऊन, वारस नोंदीचा ऑनलाइन अर्ज भरायला. त्या अर्जात ‘वारस जोडा’ असं बटण असतं. दाबलं की एक ओळ उघडते. एकदा दाबून तुझ्या आईचं नाव घातलं. दुसऱ्यांदा दाबून त्याचं. तिसऱ्यांदा दाबायला गेले आणि विचारलं, आकांक्षाचं आधार आणलंय का?

तो वर शटरकडं बघत होता. म्हणाला, “वहिनी, गाळ्याचा करार दिवाळीपर्यंतच आहे ना आपला?”

बास. एवढंच. आवाज चढवला न्हाई की डोळे वटारले न्हाईत. आणि मी तिसऱ्यांदा बटण दाबलं न्हाई. खाली लिहून येतं की यांच्याशिवाय दुसरा कोणी वारस नाही, त्यावर त्याची सही घेतली आणि अर्ज पुढं पाठवला. तुझे वडील गेले तेव्हा तू माझ्याच गळ्यात पडून रडलीस. त्यांना लेक आहे हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायला मला जागाच न्हाई.

मंग जूनमध्ये तीर्थपुरीच्या चावडीवर पंधरा दिवस नोटीस होती. माहेरची चावडी रोज उघडणारी मी, त्या पंधरा दिवसांत इथली एकदाही उघडली न्हाई. मनाला सांगितलं, घरातलं घरात बघतील. ज्याचं त्याचं. माझ्यावर बेतलं तेव्हा मात्र चार दिवस जेवण गेलं न्हाई. अशी मी.

मला माउस धरायला कोणी शिकवलं? तूच. लग्न होऊन तुमच्या शेजारी आले तेव्हा मी एकोणीसची, तू सोळाची. माझ्या सासूबाईंशी भांडून मला कॉम्प्युटरच्या क्लासला तूच नेलंस, परीक्षेच्या दिवशी माझ्या घरची भांडीसुद्धा तू घासलीस. त्या शिकण्याचं मी हे केलं.

परवा काकासाहेब फेरफाराची प्रत काढायला आल्ता. त्याच्या मनगटावर तू नांदेडहून पाठवलेली राखी होती. मला दाखवून म्हणाला, आमची आकांक्षा एक वर्ष चुकत न्हाई. मी प्रत काढून दिली. तो गेल्यावर दुसरी प्रत काढली, तीच या पाकिटात आहे.

आता नीट वाच. फेरफार २ जुलैला मंजूर झालाय. त्यावर प्रांताकडं अपील करायला साठ दिवस. ते ३१ ऑगस्टला संपतात, पण शनिवार-रविवार कचेरी बंद असते, म्हणून शुक्रवारी २९ तारखेच्या आत दाखल कर. जल्दी कर. वडलांचा मृत्यूचा दाखला, तुझा शाळा सोडल्याचा दाखला आणि सोबतची फेरफाराची प्रत जोड. आणि हे पत्रसुद्धा जोड. मी अर्ज भरताना काय विचारलं आणि त्यानं काय उत्तर दिलं, ते यात लिहिलंय. बोलावलं तर साक्षीला येईन. गाळा जाईल, कदाचित केंद्रही जाईल. कचरूंना काल सांगितलं. ते उठून पोस्टाचं पाकीट आणायला गेले.

तू मला माफ कर असं मी लिहिणार न्हाई. तू केलंस तर मला तुझ्यापुढं आणखी लाज वाटेल. फक्त तारीख चुकवू नको.

पत्राच्या सुरुवातीला सवयीनं वहिनी लिहून गेले, ते खोडत न्हाई. पण शेवटी तसं लिहायचा हक्क माझ्याकडं उरला न्हाई, म्हणून पूर्ण नाव लिहून केंद्राचा शिक्का मारतेय. शिक्का तोच आहे, जो तुझ्या वडलांच्या वारस नोंदीच्या पावतीवर मी मारला होता.

तिसरी ओळ न उघडणारी,
प्रियदर्शनी कचरू गाडेकर